स्तनोन्नयन शस्त्रकर्मानंतरचा काळ : रूढ व्रण आणि स्थिर व्रण यांतील अंतर

प्रास्ताविक

सौंदर्यवर्धक शस्त्रकर्मे एके काळी मोठ्या शहरांपुरती व विशिष्ट वर्गापुरती मर्यादित होती. आज ती स्थिती राहिलेली नाही. बाळंतपण, दीर्घकाळ स्तन्यपान, वजनातील मोठी घट किंवा वाढते वय यांमुळे स्तनांना आलेली शिथिलता दूर करण्यासाठी स्तनोन्नयन, म्हणजेच मास्टोपेक्सी करून घेतलेल्या स्त्रिया आपल्यासारख्या सर्वसाधारण चिकित्सालयांतही येऊ लागल्या आहेत. हे शस्त्रकर्म आपण करीत नाही. परंतु शस्त्रकर्मापूर्वी ज्या वैद्याची औषधे चालू होती, त्याच वैद्याकडे ती रुग्णा शस्त्रकर्मानंतरही येते. कधी बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन येते, कधी खांदेदुखीची, तर कधी टाक्यांवर काय लावावे हे विचारण्यासाठी. अशा वेळी या शस्त्रकर्मानंतर स्वाभाविक काय व अस्वाभाविक काय, हे आपणांस ठाऊक नसेल तर आपल्या हातून हित होण्याऐवजी अहित होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बेचाळीस वर्षे वयाची एक रुग्णा संधिशूलासाठी आमच्याकडे नियमित येत असे व तिला योगराज गुग्गुळ चालू होता. मध्यंतरी तिने शहरात जाऊन स्तनोन्नयन करून घेतले. हे तिने आम्हांस सांगितले नाही आणि आमचे औषध चालू असल्याचे शल्यचिकित्सकांसही सांगितले नाही. "ते आयुर्वेदिक आहे, त्यात काय सांगायचे," अशी तिची समजूत होती. शस्त्रकर्माच्या पहिल्याच रात्री तिच्या एका बाजूस रक्त साकळून स्तन ताठ व अत्यंत वेदनायुक्त झाला आणि तिला पुन्हा शस्त्रकर्मगृहात न्यावे लागले. गुग्गुळामुळेच हे घडले असे आम्ही म्हणू शकत नाही, कारण कोणतेही औषध चालू नसलेल्या स्त्रीमध्येही असा उपद्रव होतो. परंतु ती औषध घेत होती ही माहिती शस्त्रकर्म करणाऱ्यांना नव्हती, आणि आमच्या रुग्णपत्रिकेवर "नजीकच्या काळात एखादे शस्त्रकर्म ठरले आहे काय?" हा प्रश्नच छापलेला नव्हता, हा दोष मात्र निश्चितपणे आमचा होता.

घरी तिने "गाठ काढली" एवढेच सांगितले होते. परिणामी सासूबाईंनी मनातल्या मनात कर्करोगाची धास्ती घेतली आणि रुग्णेस खरे सांगण्याचा संकोच अधिकच वाढला. सतराव्या दिवशी स्तनाच्या खालील बाजूस, जेथे उभी व आडवी शिवण मिळते तेथे, टाका उसवून लहानसा व्रण उघडा पडला. घरातील कोणीतरी हळद व तुपाचा लेप दिला होता. ती आमच्याकडे आली तेव्हा सभोवतालची त्वचा इतकी पिवळी झाली होती की आरक्तता आहे किंवा नाही हेच कळेना. आम्ही लेप न बदलता, सविस्तर पत्र देऊन तिला त्याच दिवशी शल्यचिकित्सकांकडे परत पाठविले. सुदैवाने जंतुसंसर्ग नव्हता. केवळ नियमित पट्टी बदलून सुमारे तीन आठवड्यांत व्रण भरून आला.

शस्त्रकर्माचे स्वरूप

स्तनोन्नयनात अतिरिक्त त्वचा काढून, आतील स्तनधातूस नवा आकार देऊन स्तनाग्र वरच्या पातळीवर आणले जाते. स्तनाचा आकार लहान करणे वा मोठा करणे हा त्याचा मूळ हेतू नव्हे. शिथिलतेची प्रत ठरविण्यासाठी रेनॉल्ट यांनी १९७६ मध्ये मांडलेले वर्गीकरण आजही वापरले जाते. स्तनाच्या खालील घडीच्या तुलनेत स्तनाग्र कोठे आहे, यावर ते आधारलेले आहे. घडीच्या पातळीवर ते १ सेंटिमीटर खालपर्यंत प्रथम प्रत, १ ते ३ सेंटिमीटर खाली द्वितीय आणि ३ सेंटिमीटरपेक्षा अधिक खाली तृतीय प्रत होय.

शिथिलतेच्या प्रमाणानुसार छेद तीन प्रकारे घेतात : केवळ स्तनमंडलाभोवती, स्तनमंडलाभोवती व तेथून खाली उभा, आणि या दोन्हींसह खालील घडीत आडवा, म्हणजे उलट्या टी अक्षरासारखा किंवा नांगरासारखा. स्तनाग्र बहुधा शरीरापासून वेगळे केले जात नाही; ते रक्तवाहिन्या व नाड्यांसह आतील धातूशी जोडलेलेच ठेवून वर सरकविले जाते. पुढील काळात स्तनाग्राचा वर्ण व संवेदना यांकडे विशेष लक्ष का द्यावयाचे, ते यावरून ध्यानी येईल. शस्त्रकर्म सामान्यतः संपूर्ण भूल देऊन केले जाते. रुग्णा त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी घरी जाते. म्हणजे पुढील सर्व काळ ती घरीच, आपल्या परिसरातच असते.

कालानुक्रमाने अपेक्षित लक्षणे

पहिले तीन दिवस : वेदना, शोथ व जडपणा या काळात सर्वाधिक असतो. त्वचेवर निळे-जांभळे डाग दिसतात. भुलीमुळे हृल्लास, ग्लानी व तंद्रा असते. काही वेळा रक्तमिश्रित स्राव बाहेर काढण्यासाठी बारीक नळी ठेवलेली असते. रुग्णेने डोके व पाठ उंच ठेवून उताणे झोपावे. मात्र अंथरुणास खिळून राहू नये. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात थोडे थोडे चालावे, जेणेकरून पायांच्या सिरांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो.

पहिला व दुसरा आठवडा : वेदना क्रमाने उणावते. डाग हिरवट, पिवळसर होत विरतात. स्तन अनैसर्गिक उंच, ताठ व वरच्या भागी भरलेले दिसतात. दोन्ही बाजूंत थोडा फरकही असतो. आरशात पाहून अनेक स्त्रिया या वेळी निराश होतात, रडतात. हा अंतिम आकार नव्हे, हे त्यांना आधीच सांगितलेले असावे. बैठे काम करणारी स्त्री साधारणतः एक ते दोन आठवड्यांत कामावर जाऊ शकते.

तिसरा ते सहावा आठवडा : बाहेरून व्रण मिटलेला असतो व रुग्णेस बरे वाटू लागते. प्रमाद बहुधा याच वेळी घडतात. शिवणीच्या संधिस्थानी त्वचेवर सर्वाधिक ताण असल्याने तेथे व्रण किंचित उघडणे, हे पहिल्या तीन आठवड्यांत बऱ्याचदा आढळते. स्तनाग्रात बधिरता, उलटपक्षी अतिसंवेदना किंवा अधूनमधून विजेसारखी कळ येते. ही कळ बहुधा नाड्या पूर्ववत होत असल्याचे लक्षण असते.

दीड महिन्यापासून एक वर्षापर्यंत : उरलेला शोथ हळूहळू ओसरतो, स्तन किंचित खाली येऊन मृदू होतात व सहा ते बारा महिन्यांत आकार स्थिरावतो. व्रणवस्तू पहिले काही महिने लाल, उंचट व कंडूयुक्त असते. पुढे वर्ष-दीड वर्षात ती सपाट व फिकट होते, परंतु पूर्णतः नाहीशी होत नाही. संवेदना बहुतेकींत काही महिन्यांत परत येते. काहींत ती कायमची उणी राहते. पुढे मूल झाल्यास स्तन्यपान अनेकींना शक्य होते, पण स्तन्य अल्प राहण्याची शक्यता असते.

आयुर्वेदीय दृष्टिकोन

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या प्रथम अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्या सूचीच्या शेवटी आहार व रक्षाविधान येतात, हे येथे ध्यानात घ्यावे. शस्त्रकर्म कोणीही केलेले असो, हे दोन उपक्रम आपल्या हाती राहतात.

बंधविधानात आचार्यांनी गाढ, सम व शिथिल असे भेद करून उरःप्रदेशी सम बंध सांगितला आहे. शस्त्रकर्मानंतर चार ते सहा आठवडे, अहोरात्र वापरावयास दिले जाणारे तारविरहित आधारवस्त्र हे तत्त्वतः समबंधच होय. ते अतिगाढ झाल्यास त्वचेच्या रक्तपुरवठ्यास बाधा येते. शिथिल झाल्यास शिवणीवर भार पडतो. "घट्ट बांधले तर लवकर आकार येईल" या समजुतीने वरून फडके आवळून बांधणाऱ्या स्त्रिया आम्ही पाहिल्या आहेत. त्यांना सम बंधाचे महत्त्व समजावून सांगावे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा स्थैर्याचा आहे. व्रण रूढ झाल्यावरही तो स्थिर होईपर्यंत अजीर्ण, व्यायाम, व्यवाय इत्यादी वर्ज्य करावे, हा नियम सुश्रुतसंहितेत आहे. आणि अष्टांगहृदयाच्या शस्त्रकर्मविधी अध्यायात हा विधी सहा ते सात महिने आदराने पाळावा असे म्हटले आहे. आधुनिक शल्यचिकित्सक बहुतेक बंधने सहा आठवड्यांनंतर क्रमाने शिथिल करतात, परंतु अंतिम परिणामाचे मूल्यमापन सहा महिन्यांपूर्वी करीत नाहीत. रूढ होणे वेगळे आणि स्थिर होणे वेगळे, या दृष्टीने दोन्ही विचार एकमेकांच्या जवळ येतात.

विहार

"जड उचलू नका" एवढे सांगून भागत नाही. आपल्याकडील गृहिणीस जड म्हणजे काय, हे नाव घेऊन सांगावे लागते. पाण्याची कळशी, गॅसची टाकी, कुकर, पिळलेल्या ओल्या चादरी, कडेवरचे मूल. या गोष्टी चार ते सहा आठवडे वर्ज्य. फळीवरील डबा काढणे, वेणी घालण्यासाठी हात बराच वेळ वर धरणे, कणीक मळणे, लादी पुसणे ही कामे वजनाची नसली तरी छातीचे स्नायू ताणतात; त्यांचा आरंभ शल्यचिकित्सकांच्या अनुमतीनेच व्हावा. डोक्यावरून घालावयाचे कपडे टाळून पुढून उघडणारे वापरावे. दुचाकीवरील हादरे व गर्दीतील प्रवास काही आठवडे टाळावा. चालण्याव्यतिरिक्त व्यायाम, सूर्यनमस्कार व हातांवर भार येणारी आसने सहा आठवड्यांपूर्वी नकोत.

अभ्यंग व स्वेदन यांविषयी विशेष सावधानता हवी. बधिर त्वचेस उष्णता कळत नाही. गरम पाण्याची पिशवी, विटेचा वा वाळूचा शेक यांनी अशा त्वचेवर दाह होऊन फोड येऊ शकतात. हीच गोष्ट थेट लावलेल्या बर्फाची. स्तनप्रदेशी कोणताही शेक देऊ नये.

तंबाखूचा प्रश्न नाव घेऊन विचारावा. "तंबाखू खाता का?" याचे उत्तर "नाही" असे येते, परंतु तीच स्त्री सकाळी दातांना मशेरी लावीत असते. मशेरी ही भाजलेली तंबाखूच होय. तिच्यातील निकोटिनाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात व त्वचा आणि स्तनाग्र यांचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. शस्त्रकर्मापूर्वी व नंतर किमान चार आठवडे मशेरी, तपकीर, गुटखा, धूम्रपान हे सर्व बंद असावे.

आहार

सुश्रुताचार्यांच्या व्रणितोपासनीय अध्यायातील जुन्या साळीचा भात, घृत, मुद्गयूष, तांदुळजा, पडवळ, कारले, डाळिंब, आमलकी हा आहार या काळास उत्तम होय. नवधान्य, उडीद, तीळ, कुळीथ, वाल, अत्यम्ल व अतिलवण पदार्थ यांचा निषेधही तेथेच आहे. तथापि पथ्याच्या नावाखाली रुग्णेस उपाशी ठेवू नये. व्रण भरण्यासाठी प्रथिने आवश्यक आहेत. मुगाचे यूष, पचतील तशा डाळी आणि मांसाहारी रुग्णेस अंडी व मांसरस द्यावा. दुग्धवर्गाचा निषेध त्याच अध्यायात असला, तरी शाकाहारी रुग्णेच्या बाबतीत अग्निबल पाहून व शल्यचिकित्सकांचा सल्ला लक्षात घेऊन निर्णय करावा. या सहा आठवड्यांत कडक उपवास करू नयेत. मधुमेह असल्यास रक्तशर्करेचे नियंत्रण अत्यावश्यक आहे.

वेदनाशामक औषधे, अल्प हालचाल व भूल यांमुळे पहिल्या आठवड्यात मलावष्टंभ होतोच. कुंथण्याने रक्तदाब वाढतो व वेदनाही वाढतात. कोमट पाणी, भिजविलेल्या मनुका, भाताबरोबर तूप, आवश्यक तर इसबगोल एवढ्यावर बहुतेकींचे भागते. तीव्र विरेचन देऊ नये.

औषधविचार

शस्त्रकर्मापूर्वी दोन आठवडे वनौषधी व पूरक औषधे थांबवावीत, असा भूलतज्ज्ञांचा सर्वसाधारण संकेत आहे. लसणाचे कल्प, गुग्गुळकल्प, सुंठीच्या मोठ्या मात्रा, हळदीचे सत्त्व यांचा रक्तस्रावावर परिणाम होण्याची शक्यता असते. अश्वगंधेने भुलीची तंद्रा वाढू शकते. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढून पोटॅशियम घटू शकते. स्वयंपाकातील लसूण-हळदीचा हा प्रश्न नव्हे. औषधी मात्रेचा आहे. आपण दिलेल्या औषधांची नावे व मात्रा आपणच एका कागदावर लिहून रुग्णेच्या हाती द्यावी. थांबविलेली औषधे पुन्हा केव्हा सुरू करावयाची, तेही शल्यचिकित्सकांशी बोलूनच ठरवावे.

टाक्यांवर हळद, कोरफड, मध, जात्यादि तेल वा घृत लावू नये. जात्यादिची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. परंतु हा शस्त्रकर्मगृहात निर्जंतुक पद्धतीने शिवलेला व्रण आहे. तेला-तुपाने त्यावरील चिकटपट्टी वा त्वचेचा गोंद सुटतो, आणि हळदीच्या रंगाने आरक्तता झाकली जाते. व्रण पूर्ण मिटल्यावर, खपली उरलेली नसताना, व्रणवस्तूसाठी सिलिकॉनची पट्टी वा जेल बहुधा दिले जाते. सौम्य तेलाचे मर्दन अनुमतीने, साधारण सहा आठवड्यांनंतर करता येते. व्रणवस्तू वर्षभर उन्हापासून झाकून ठेवावी.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

ग्राहक स्त्री दुकानात उभी राहून "टाक्यांना लावायला काहीतरी द्या" असे म्हणते, तेव्हा टाके कोठे व कधी पडले, हे हलक्या आवाजात विचारावे. शक्य असल्यास स्त्री-सहायिकेने विचारावे. लिहून दिलेल्या वेदनाशामकाऐवजी दुसरे देऊ नये, कारण अनेक वेदनाशामके रक्तस्राव वाढवितात. प्रतिजैविकाचा क्रम मध्येच बंद न करण्याविषयी सांगावे. स्तन सुडौल करण्याचा दावा करणारी तेले व लेप यांचे फलक दुकानात लावू नयेत. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत स्त्रीच्या स्तनांचा आकार व ठेवण यांचा समावेश आहे. कायद्याचा भाग सोडला तरी, ताज्या शिवणीवर असे तेल चोळणारी एखादी स्त्री आपल्याच दुकानातून गेलेली असू नये.

त्वरित परत पाठविण्याची लक्षणे

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास चिकित्सा न करता रुग्णेस शल्यचिकित्सकांकडे पाठवावे :

१. एकाच बाजूचा स्तन काही तासांत फुगणे, ताठ होणे व वेदना एकाएकी वाढणे. रक्त साकळल्याचे हे लक्षण बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत दिसते.
२. ज्वर १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक, पसरत जाणारी आरक्तता व उष्णता, पूय किंवा दुर्गंधी.
३. स्तनाग्र वा त्वचा निळसर, काळी किंवा अगदी पांढुरकी होणे.
४. व्रण उसवणे, कितीही लहान असो.
५. एकाच पोटरीत शोथ व शूल. श्वास लागणे किंवा छातीत कळ असल्यास वेळ न दवडता जवळच्या सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. ही कळ वातज समजून घरी ठेवू नये.
६. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी हाताला लागणारी कठीण गाठ. ती मेदधातूचा अंश मृत झाल्यानेही होते, पण तपासणीविना तसे गृहीत धरू नये. पुढे कधीही स्तनांची क्ष-किरण तपासणी करताना हे शस्त्रकर्म झाल्याचे सांगणे आवश्यक असते.

उपसंहार

व्रणितोपासनीय अध्यायात आचार्यांनी व्रणिताजवळ स्नेही जनांनी बसावे व गोड गोष्टींनी त्याची वेदना विसरवावी असे सांगितले आहे. आमच्या त्या रुग्णेस हेच लाभले नाही. कारण काय झाले आहे हे घरात कोणास सांगण्याची सोय तिला वाटली नाही. पुढे तिच्या संमतीने आम्ही सासूबाईंना बोलावून "कर्करोग नाही व नव्हता" एवढेच सांगितले. उरलेले तिने स्वतःच सांगितले. त्यानंतर घरातील पाण्याच्या कळश्या कोणी उचलायच्या, हा प्रश्न सुटला.

शस्त्रकर्म योग्य की अयोग्य, याचा निर्णय देण्यासाठी रुग्णा आपल्याकडे आलेली नसते. आपण नाक मुरडले तर ती पुढच्या वेळी सांगणार नाही, आणि न सांगितलेली गोष्टच तिला घातक ठरेल. म्हणून वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती एवढीच आहे की, आपल्या रुग्णपत्रिकेवर एक ओळ वाढवावी : मागील सहा महिन्यांत झालेले व पुढे ठरलेले शस्त्रकर्म. आम्ही ती त्या अनुभवानंतर छापून घेतली. ती आधीच असावयास हवी होती.